बसवनगुडीच्या घराची वरची खोली

मी, सौ. सुलभा नंदकिशोर देवस्थळी, वय एकोणसत्तर, व्यवसाय शिवणकाम, राहणार बसवनगुडी, बेंगळुरू, डोके ठिकाणावर आणि हात स्थिर असताना, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर माझ्या मनाने, माझ्यामागे कोणाला काय जावे ते लिहून ठेवत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

'सौ.' लावावे की नाही यावर माझ्या वकील दिव्यश्री यांच्याशी थोडी चर्चा झाली. मी सात वर्षे पतीपासून वेगळी राहते, पण आमचा घटस्फोट झालेला नाही. कुटुंब न्यायालयाच्या हुकमाने आम्ही न्यायिकरीत्या विभक्त आहोत. म्हणजे एकत्र राहण्याचे बंधन उठले, लग्न उठले नाही. त्यामुळे मी काही न लिहिता गेले, तर माझे पती श्री. नंदकिशोर (या दस्तात यापुढे 'हे') आणि मुलगी कस्तुरी, दोघेही कायद्याने माझे वारस ठरतात. वेगळे राहू लागलो की वारसाही तुटतो, असे मलाही वाटत होते. तसे नसते. म्हणून हा कागद.

कलम १. घर. खाली दोन खोल्या, वर एक. माझ्या आत्याने ते मला नोंदणी केलेल्या बक्षीसपत्राने दिले. निवृत्तीनंतर यांनी व्हाइटफील्डला फ्लॅट पसंत केला आणि त्यासाठी माझे हे घर विकायचे ठरवून एका बिल्डरकडून इसारही घेतला. एका दुपारी त्याला आणि कागदपत्रे घेऊन आमच्या तेव्हाच्या राहत्या घरी आले. मी पोहे करत होते.

"सही कर, तेवढंच राहिलंय," हे म्हणाले.

"मी नाही करणार."

"अगं, सगळं ठरलंय."

"माझ्याशी नाही ठरलेलं."

बिल्डर पोहे न खाता गेला. यांनी इसार परत केला, पण महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या महिन्यात मला फार हलके वाटले, आणि तसे वाटले याचीच मला भीती वाटली. मग मी दोन बॅगा भरून या घरी राहायला आले.

हे वाईट गृहस्थ नव्हेत, ही नोंद इथे असावी. सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. दारू नाही, हात उगारणे नाही. मी नोकरी कधी सोडायची, कस्तुरीची शाळा कोणती, सुट्टीत कुठे जायचे, सगळे यांनी ठरवले, आणि बहुतेक चांगलेच ठरवले. "मग बिनसलं काय?" असे मला सगळ्यांनी विचारले. दिव्यश्रींनी विचारले नाही. त्यांनी समजावले की घटस्फोट झाला तर यांच्या वैद्यकीय सवलतीतून पत्नी म्हणून माझे नाव निघेल. पुन्हा लग्न करायचे नसेल तर विभक्ततेवर भागते, आणि पुढे मन बदलले तर एकत्र येण्याची आणि घटस्फोटाची, दोन्ही वाटा उघड्या राहतात. लग्नातले दागिने माझे स्त्रीधन आहे, त्यावर दुसऱ्या कोणाची मालकी नाही, हेही त्यांच्याकडूनच कळले.

न्यायालयाने आम्हाला आधी मध्यस्थीसाठी पाठवले. "हिला काय कमी केलं मी?" हे तिथल्या बाईंना म्हणाले.

त्या माझ्याकडे वळल्या. "अम्मा, तुम्ही सांगा."

"काहीच कमी नव्हतं," मी म्हणाले. "मला विचारलं नाही, एवढंच."

नंतर आम्ही खालच्या कँटीनमध्ये गेलो. रांगेत पुढे उभे असलेले हे मागे वळले आणि म्हणाले, "तू कॉफी घेशील की चहा?" लग्न झाल्यापासून हे माझ्यासाठी कॉफीच सांगत आले होते. मी चहा म्हणाले, आणि माझे डोळे भरून आले. त्यानंतर यांनी काही ताणले नाही. लॉकरमधले दागिने स्वतः आणून दिले.

कस्तुरीला मात्र माझे वेगळे होणे मानवले नाही. "आई, या वयात कोर्ट? सासरी मी काय सांगू?" असे म्हणून ती दोन वर्षे या घरी आली नाही. मग एका संध्याकाळी आपल्या लहानग्या मुलीचा, वल्लरीचा हात धरून, बॅग घेऊन दारात उभी राहिली.

"काही दिवस राहू?"

"वरची खोली झाडलेली आहे," मी म्हणाले. कारण विचारले नाही.

ती दिव्यश्रींना भेटून आली. मूल कोणाकडे राहावे हे आईबापांच्या रागावर नव्हे, मुलाच्या भल्यावर ठरते, आणि दुसऱ्याचे भेटणे सहसा तुटत नाही, हे ऐकून तिची घाई कमी झाली. जावई प्रणीत दर शनिवारी मारतहळ्ळीहून येत. दोघे वर बोलत बसत, आधी आवाज चढवून, मग हळू. पावसाळा संपता संपता ती आपल्या घरी गेली, काय चालेल आणि काय चालणार नाही हे नीट ठरवून. जाताना म्हणाली, "ही खोली नसती तर मी एक तर मुकाट्याने परत गेले असते, नाही तर सगळं तोडून आले असते."

म्हणून: हे घर कस्तुरीला, संपूर्ण मालकीने. माझी एकच अट, वरची खोली भाड्याने देऊ नये. आपल्या घरातल्या कोणालाही काही काळ वेगळे राहून विचार करायचा असेल, तर ती खोली कारण न विचारता मिळावी. हा हक्क प्रणीत यांनाही आहे.

कलम २. पाटल्या आणि मोहनमाळ वल्लरीला, ती अठरा वर्षांची झाल्यावर. लग्नासाठी अडवून ठेवू नयेत. तिला विकून शिकायचे असेल तर विकू द्यावे.

कलम ३. बँकेतली शिल्लक कस्तुरी आणि वल्लरी यांना सारखी.

कलम ४. शिवणयंत्र, कात्र्या आणि नृत्याचे पोशाख बेतण्याचे सगळे नमुने माझ्याबरोबर शिवणाऱ्या शौर्य यांना. मोठ्या कात्रीने कोणी कागद कापू नये.

कलम ५. माझे दीर शार्दूल यांनी वहिनीचे डोके फिरल्याची बातमी हुबळीपासून पुण्यापर्यंत पोचवली. माझ्या जाण्याची बातमीही त्यांनीच सर्वांना कळवावी. त्यांच्याइतके हे काम कोणाला जमणार नाही.

कलम ६. यांना घरात हिस्सा देत नाही. यात राग नाही. त्यांचे स्वतःचे घर आणि निवृत्तिवेतन आहे, आणि हा मसुदा वाचून त्यांनी होकारार्थी मान हलवली आहे. हे दर रविवारी, आधी फोन करून, जेवायला येतात. भाजी आणतात आणि आता चिरूनही देतात. माझ्यामागे कस्तुरीने ही पंगत चालू ठेवावी. यांना तिखट सोसत नाही, पण हे कबूल करत नाहीत.

गेल्या महिन्यात यांनी विचारले, "सुलभा, तो हुकूम रद्द करायला अर्ज करायचा का? कायद्यात सोय आहे म्हणतात."

मी दोन दिवस विचार केला. मग फोन करून सांगितले, "अर्ज नको. रविवारच्या जोडीला बुधवारीही येत जा."

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकील दिव्यश्री यांच्याकडे. मी जिवंत असेपर्यंत यात बदल करण्याचा अधिकार माझा आहे, आणि अजून बुधवारचे काय होते ते पाहायचे असल्यामुळे तो मी राखून ठेवते.

सही: सुलभा नंदकिशोर देवस्थळी

सुलभाबाईंनी आम्हा दोघांच्या देखत, वाचून व समजून, वरील सही केली. आम्हाला या दस्तातून काहीही मिळत नाही.

साक्षीदार: १. नीलिमा बर्वे, मैत्रीण
२. देवाप्पा, शेजारी

ठिकाण: बसवनगुडी, बेंगळुरू
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५, बुधवार