दोरीचं पाणी

४ जानेवारी

लिहायला बसले त्याचं कारण एकच. पोहण्याच्या तलावाची किल्ली माझ्याकडे आहे, ती कॉलेजातल्या मुलांना हवी आहे आणि मला द्यायची नाही. दिवसभर हे धाकट्या जावेला ऐकवलं. शेवटी ती म्हणाली, ''जाऊबाई, माझे कान किटले. एक वही घ्या आणि तिला सांगा.'' घेतली!

तलाव बंद पडून वर्षं झाली. मी तिथे मुलींना पोहायला शिकवत होते. शेवटचं कुलूप मीच लावलं आणि किल्ली परत मागायला कोणी आलंच नाही. आता तलाव बुजवून तिथे गाड्या उभ्या करणार आहेत. शहरातल्या रिकाम्या जागांचा अभ्यास करणारी ही मुलं म्हणतात, त्याआधी आम्हाला आराखडा मांडू द्या, पालिकेची समिती बघायला येणार आहे. 'पडीक जागा' म्हणे! माझ्या तलावाला!

६ जानेवारी

कुलूप उघडून दिलं. किल्ली माझ्याच पर्समध्ये.

वाटलं होतं, आल्या आल्या टेप काढून मापं घेतील. छे! तळाशी उतरून नुसती गप्प बसून राहिली, एकेक जण एकेका कोपऱ्यात. विचारलं, ''झोपायला आलात का?'' त्यांच्यातली चष्मेवाली म्हणाली, ''नाही आजी, आधी जागेशी ओळख करून घेतोय.''

आजी! त्या काठावर मला 'बाई' सोडून कोणी काही म्हटलेलं नाही. तसं सांगितलं. ''सॉरी बाई,'' म्हणाली. ठीक.

७ जानेवारी

कामाची पद्धत बरी आहे त्यांची. एकच भलामोठा कागद. एकाने काढायचं, दुसऱ्याने तिथून पुढे न्यायचं. खोडायचं नाही, नाव घालायचं नाही. भांडतात मात्र मनसोक्त.

९ जानेवारी

आज गेले तर तलावावर आडव्या-उभ्या निळ्या दोऱ्या ताणलेल्या. ''बाई, हे पाणी!'' पाणी कुठवर होतं ते लोकांना दिसावं म्हणून. कल्पना छान, पण दोऱ्या बांधल्या वरच्या पट्टीला! टाइल्सची पट्टी दिसली म्हणून तिथवर पाणी, असा त्यांचा हिशेब. म्हटलं, ''एवढ्या पाण्यात माझ्या निम्म्या मुली बुडाल्या असत्या. आम्ही वीतभर खालीच ठेवायचो, लहान्यांची हनुवटी वर राहायला हवी.''

मुकाट्याने सगळ्या दोऱ्या सोडल्या, खाली बांधल्या. कागदावरची चुकीची रेघ मात्र खोडली नाही. तिच्याखाली दुसरी काढायला लावली, माझ्याकडून. रेघ जरा वाकडी गेली. पेन्सिल धरून किती दिवस झाले!

१० जानेवारी

झोपेतून उठले तेव्हा नाकात क्लोरीनचा वास होता. तलावात थेंब नाही.

११ जानेवारी

मुलांना कोरडा पाठ सांगितला. नवी मुलगी आली की दोन आठवडे पाणी नाही. कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर पालथं पडायचं, हात मारायचे, पाय मारायचे, मान वळवून श्वास घ्यायचा. माझ्या शिट्टीवर. मुली रडायच्या, आया तक्रार करायच्या. पण एकदा पाण्यात सोडली की अशी सुळकन जायची, त्याच आया काठावर उभ्या राहून टाळ्या पिटायच्या. ओल्या वेण्या, ओली पावलं, आणि तो गलका! शिट्टी कितीही वाजवा, गलका वरचढ.

धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिलाही बाकावर पाडलं. कोरड्या पाठात तिच्यासारखी दुसरी झाली नाही. आणि पाणी? पहिल्या पायरीवर अंगठा बुडवून परत! मुली तिला 'बाकावरची मासोळी' म्हणायच्या. ती त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायची. पण पुन्हा आली नाही.

१३ जानेवारी

आराखडा पाहिला. त्यात पाणीच नाही! तळाला गळती, दुरुस्ती कोणाच्या आवाक्यात नाही, म्हणून उथळ भागात खेळ, खोल भागात गाणं-वाचन, उतारावर बसायला पायऱ्या. म्हटलं, ''पाण्यावाचून तलाव म्हणजे मोठा खड्डा. त्यापेक्षा बुजवा.'' त्यांना बाहेर काढलं, कुलूप घातलं.

चष्मेवाली फाटकाबाहेर उभी होती. तो भलामोठा कागद गुंडाळून छातीशी धरलेला. भांडली असती तर बरं झालं असतं.

१४ जानेवारी

गुडघे दुखतात. तलावावर गेले नाही.

१५ जानेवारी

धाकटीने चहाचा कप आपटलाच. ''दोन दोन आठवडे आम्हाला पालथं पाडलंत जाऊबाई, तेव्हा कुठे होतं पाणी? माझं तर सगळं पोहणं त्या बाकावरच झालं. ते काय खोटं होतं?''

मी म्हटलं, ''चहा सांडला.''

''सांडू दे!''

चाळीस-बेचाळीस वर्षांत ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली.

१६ जानेवारी

कुलूप काढलं. मुलांना म्हटलं, खोलीतले बाक पुसून तळाशी मांडा. का ते विचारू नका. धाकटी फोनला चिकटली आहे.

२० जानेवारी

समिती आली. तिघेजण, बुटांना धूळ लागू नये म्हणून टाचांवर चालणारे. त्यातल्या साहेबांनी विचारलं, ''पाणी नाही, मग इथे येऊन लोक करणार काय?''

मी शिट्टी फुंकली.

खाली बाकांवर माझ्या मुली. पांढरे केस, ऑपरेशन झालेल्या कमरा, एक तर नातवाला काठावर बसवून आलेली. निळ्या दोऱ्यांखाली सगळ्या पालथ्या, हात एका लयीत. एकीचीही मान चुकली नाही! वरून उन्हात दोऱ्यांच्या सावल्या हलत होत्या. क्षणभर मला गलका ऐकू आला. मग कळलं, तो खराच होता.

आणि धाकटी उठली. हात मारत मारत उतारावरून निघाली, खोल भागाकडे. दोरी छातीशी आली, मग हनुवटीशी, मग डोक्यावरून गेली. तळाशी पोचून वर बघून ओरडली, ''जाऊबाई, बुडाले बघा!''

साहेब हसले. मला चष्मा पुसावा लागला.

२४ जानेवारी

बुजवणं रद्द. पाणी मिळणार नाही. मुलांचा आराखडा वर्षभर चालवून बघायचा. सकाळी बायकांचा कोरडा पाठ. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुडघ्यांमुळे मला तळाशी उतरता येत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. धाकटीला होतं.

''मला पोहता कुठे येतं, जाऊबाई?''

''तिथे पाणी कुठे आहे?''

किल्ली चष्मेवालीला दिली. शिट्टी धाकटीला.