बशीवरचा रडणारा मुलगा

जिंगदेजेन

लाडक्या आईस,
च्यूयिंगचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे, दोन्ही वेळा गरम जेवते.

काल आमच्या जुन्या चिनी मातीच्या भांड्यांच्या दुकानात तीनशे वर्षांची निळी-पांढरी बशी आली. त्यावर बांबूच्या बनात एक माणूस. पांग मास्तर लगेच म्हणाले, "बांबू आहेत ना? मग हा कवीच. लिही तशी चिठ्ठी, बशीपुढे ठेवायला."

इथे बांबू दिसला की सगळ्यांना कवीच दिसतो! मी म्हटलं, "मास्तर, कवी कुदळ घेऊन कशाला रडेल? आणि बर्फातून कोंब वर आलाय, बघा तरी." आजारी आईला भर हिवाळ्यात बांबूच्या कोंबांचं सूप हवं होतं, म्हणून बांबूपाशी रडणारा तो मुलगा, ज्याच्या आसवांनी बर्फातून कोंब उगवले! सूप ढवळताना तूच सांगायचीस ना ती गोष्ट?

मास्तर भिंग घेऊन बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "उद्यापासून चिठ्ठ्या तू ठरवायच्या." म्हणजे नोकरी पक्की झाली गं!

खोकला किरकोळ आहे म्हणतेस. मग मागचं पत्र शेजारच्या काकूंच्या अक्षरात का होतं?

मी काही बांबूपाशी रडत बसणार नाही. आठ दिवसांची रजा मिळाली आहे. कोंब बाजारातून आणते, तू फक्त पातेलं काढून ठेव.

तुझीच,
च्यूयिंग