जहमा: अर्थ आणि वापर

२ रमजान, सकाळ
शब्दकोशाच्या ऑफिसात माझ्या वाट्याला शब्द आला: जहमा. अर्थ: गर्दी. श्वास घ्यायलाही रांग लागेल इतकी. वापर: उशिरा पोचल्यावर दारातच म्हणणे. कैरोत यावर कोणी उलट प्रश्न विचारत नाही. मी रोज वापरतो. याला फील्डवर्क म्हणतात.
संकल्प: उद्यापासून सगळीकडे वेळेवर.

५ रमजान
नश्वाचा हात मागायला तिच्या वडिलांची दुसरी भेट. तासभर उशीर. 'जहमा' म्हटलं. हाजी बद्रावी म्हणाले, "मागच्या खेपेलाही तीच होती ना रे? आता ओळख झाली असेल तुमची." विनोदी माणूस. मी आवडलोय त्यांना.
(डोळा लागला होता. पण जागा असतो तरी गर्दी होतीच की.)

९ रमजान
नश्वाचा फोन. शुक्रवारी रोजा सोडायला त्यांच्याकडे. जेवणानंतर फातिहा वाचून बाबा लग्न पक्कं करणार. "वग्दी, उशीर केलास ना, तर फातिहा वाचू, पण तुझ्या मयताची." प्रेम आहे.
प्लॅन: दोन तास आधी निघणे. नको, तीन.

१२ रमजान, शुक्रवार, ४.१०
सूर्यास्त सहाला. शर्टाला इस्त्री झाली. वेळच वेळ. जरा पाठ टेकतो.

१३ रमजान
काल सूर्यास्ताच्या अजानने जाग आली. बाहेर चिटपाखरू नाही, अख्खं शहर जेवायला बसलेलं. एक टॅक्सीवाला मिळाला, खजूर चघळत. नऊ मिनिटांत शुब्रा, नश्वाच्या दारात! रेकॉर्ड.
दारात सवयीने तोंडातून गेलं: "जहमा."
सगळ्यांचे चमचे थांबले. हाजींनी हाताला धरून बाल्कनीत नेलं. खाली एवढा रुंद रस्ता, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मांजर. "दाखव रे बाळा, कुठेय?"
मी मांजराकडे बोट दाखवलं.
नश्वा हसली. हे महत्त्वाचं. फातिहा राहिली. हाजी म्हणाले, "रस्त्यात अडकलेल्यांना आम्ही चौकात खजूर वाटतो. सोमवारी अजानच्या आधी ये, माझ्या शेजारी उभा राहा. मग बघू."
म्हणजे घरचाच धरलंय.

१५ रमजान, सोमवार
गेलो. सातच मिनिटं उशीर, तीही बटणामुळे. अजान होऊन गेलेली. हाजींनी येणाऱ्याजाणाऱ्यांना देतात तशीच एक पुडी माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "घ्या साहेब. घर लांब असेल तुमचं. सावकाश जा."
आजवर मला अरे-तुरे करायचे.