दाराखालचा पेपर

प्रिय चिमणे,

चाळिशीला आलेल्या बाईला चिमणी म्हणतात का, असं म्हणून नाक मुरडशील. खुशाल मुरड. निवृत्त मास्तरणीला हक्काचं म्हणायला तुझ्याशिवाय उरलंय कोण?

परवा फोनवर तुझी लेक नुसती चिवचिवत होती. वर्गातली सात-आठ मुलं मिळून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची कामं करणार, आणि पुढारी ही. मग तू फोन घेतलास आणि म्हणालीस, मी तिला नाही म्हटलंय. मी कारण विचारलं. मग हळूच म्हणालीस, एवढी जबाबदारी मुलांना झेपत नाही आई, मला तरी कुठे झेपली, मीच तेव्हा तुला नीट सांगितलं नसेल. फोन ठेवल्यावर मी हे पत्र लिहायला कागद काढला.

लहानपणीच्या तुमच्या त्या टोळीचं खूळ माझंच. चौथीत तुमची वर्गशिक्षिका मीच, आणि मीच सांगितलं होतं, मदत करा पण गुपचूप, कुणी आभार मानायच्या आत पसार व्हा. बेल वाजवली की बाद. तुम्हाला तर खेळच मिळाला. पुढारी तू, नऊ वर्षांची, दोन दात पडलेली, आणि तोरा असा की मुख्याध्यापिकाबाईंनीही वाट सोडावी. आपल्या इमारतीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या आजोबांचे गुडघे गेले होते. खालच्या पेटीतून त्यांचा पेपर आणायचा आणि कोपरा बाहेर राहील असा दाराखाली सरकवायचा, हे काम तू कुणाला देत नसायचीस. आतून पेपर ओढला गेला की तोंडावर हात दाबून हसत खाली धावायचीस.

मग तो आठवडा आला. आजोबा बाथरूममध्ये पडले होते. दार फोडलं तेव्हा चार दिवसांचे पेपर दाराखाली तसेच होते. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन दिवस तरी जिवंत असावेत. शाळेत सगळ्या पालकांसमोर मला विचारलं गेलं. मी म्हणाले, मुलं लहान आहेत, त्यांच्या लक्षात आलं नाही, मला कुणी काही सांगितलं नाही. तू पहिल्या बाकावर होतीस. माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. पुढे कितीदा तरी तुला जवळ घेऊन मी म्हणत राहिले, तुझी चूक नाही गं. किती मायेने म्हणायचे! अजूनही कुठलाही जिना चढताना माझी नजर दारांच्या फटींकडे जाते. कागदाचा कोपरा दिसला की मी अनोळखी माणसांच्या घरची बेल वाजवत सुटते. लोक वेडी समजतात.

चिमणे, तू सांगितलं होतंस. दुसऱ्याच दिवशी. मी वह्या तपासत होते. तू माझ्या कोपराशी उभी राहून म्हणालीस, आजोबांनी कालचा पेपर घेतलाच नाही, बेल वाजवू का? मी मान वर न करता म्हटलं, नियम म्हणजे नियम, गेले असतील बहिणीकडे. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंस, तेव्हा खेकसले. अगदी नीट सांगितलं होतंस तू, आणि मी ऐकलं होतं. तेव्हा ते जिवंत होते. माझी अब्रू वाचावी म्हणून मी तीस वर्षं तुला स्वतःवर संशय घेऊ दिला. मला माफ करू नकोस, पण लेकीला अडवू नकोस. हे पत्र तिला वाचून दाखव. तिला कळू दे, त्या अख्ख्या इमारतीत शहाणं माणूस एकच होतं, आणि ते नऊ वर्षांचं होतं.

तुझीच,
आई