दादाच्या गळ्यातली माळ

महाड, २० जून २००४

कुडपण गावात मण्यार चावल्यापासून दादा श्वासाच्या मशीनवर आहे. तोंडातली नळी आता फार दिवस ठेवता येणार नाही. गळ्याला लहानसं छिद्र पाडून तिथून श्वास द्यायचा, खाटेवरच, असं डॉक्टर म्हणाले. पण त्याआधी तुळशीची माळ काढायला हवी.

वहिनी अडून बसली. "जित्या माणसाची माळ उतरवत नाय, भावोजी!"

मलाही धडकी भरली. पण श्वास मोठा की माळ?

"मी घालतो ती," मी म्हणालो.

"तुम्ही? मासळीशिवाय घास उतरत नाय तुमचा!"

"आजपासून सोडली."

माळ माझ्या गळ्यात आली, तेव्हाच तिने होकाराची मान हलवली.

छिद्र झालं. श्वास चालू आहे, डोळे मिटलेलेच. माळ टोचते आहे. पांडुरंगा, दादाला उठव, ही त्याची त्याला परत घालू दे. खाली खाणावळीत सुकट भाजतायत.