रक्त पातळ करायची गोळी

धम्मदीप भाऊजी,

मामांच्या छातीत परत कळ आली. वसमतच्या दवाखान्यातून त्यांना नांदेडला हलवून राहिलेत. हे त्यांच्यासोबत आहेत, मी फाईल न्यायला घरी आले. तुमचा फोन इथंच चार्जिंगला लावलेला, म्हणून चिठ्ठी लिहिली. हळद शिजवायचा कुकर कोणाच्या तरी हवाली करा अन् तसेच नांदेडला निघा.

डॉक्टर म्हणाले, हृदयात बसवलेल्या जाळीत रक्ताची गुठळी झाली. रक्त पातळ करायची गोळी बंद केली होती का, म्हणून विचारलं. मी छातीठोक सांगितलं, न्हाई, सासूबाई रोज हातानं देतात.

घरी येऊन आत्याबाईंना विचारलं, तर त्यांनी चंची उघडली. तंबाखूच्या खाली सगळ्या गोळ्या तशाच. म्हणाल्या, "डॉक्टरच माणसाचं रक्त पातळ करून राहिला, मग अंगात ताकद काहून राहील? मी रोज बीट अन् गूळ चारून चांगलं घट्ट करून आणलं."

भाऊजी, घाईत लिहून राहिले, अक्षर समजून घ्या.

डॉक्टरला खरं सांगावं लागंल, ते मी सांगते. यांना अजून बोलले न्हाई. तुमी आल्यावर आत्याबाईंना एक शब्द बोलू नका.

त्या जीपमधे बसून मला हाका मारून राहिल्यात. मांडीवर डबा आहे. मामांसाठी बीट किसून घेतलंय.

राणी