मागच्या दारापुढची मोकळी जागा

मी, गोजरा कान्हा मढवी, वय वर्षे ७२, राहणार पावणे गाव, नवी मुंबई, माझ्या राहत्या घरी, दिवसाउजेडी आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करीत आहे. गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण कोणाला काय द्यायचे ते मला स्पष्ट दिसते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी सांगितले तसे वकील गीतांजली नाईक यांनी लिहून घेतले व मला वाचून दाखवले. याची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझे पती कान्हा २०१७ साली वारले. आमचा एकुलता एक मुलगा रूपेश महापालिकेच्या अग्निशमन दलात जवान होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये आमच्याच कारखान्याला लागलेल्या आगीत तो गेला. त्याला मूलबाळ नव्हते. त्याची बायको निशिगंधा हिने पुढे दलातीलच कुलदीप ठाकूर याच्याशी लग्न केले. ते लग्न मी पुढे होऊन, माझ्या अंगणात मांडव घालून लावून दिले. ती तयार नव्हती. "आई, लोक काय बोलतील," म्हणाली. मी म्हटले, "लोक बोलून घरी जातील. तू मंग एकटी या घरान काय करशील?" त्यांना उन्नती नावाची मुलगी आहे. ती मला आजी म्हणते आणि मी तिची आजी आहे.

२. माझे राहते घर, अंगणासह, मी निशिगंधा कुलदीप ठाकूर हिला देत आहे. ती आता मढवी राहिली नाही, सबब घर भावकीत राहावे, असे मला काही जणांनी येऊन सांगितले आहे. घर माझ्या एकटीच्या नावे आहे. रूपेश गेल्यानंतर माझ्या तोंडात पहिला घास तिने घातला, भावकीने नाही. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात कारण लिहावे लागत नाही. मला लिहावेसे वाटते.

३. औद्योगिक वसाहतीतील 'मढवी पॅकिंग' या नावाचा गाळा, यंत्रे व चालू धंदा यांबाबत.

आमची शेती वसाहतीत गेल्यावर कान्हाने हा गाळा माझ्या नावे घेतला आणि यंत्रे भरून पाठवायचे लाकडी खोके बनवायला सुरुवात केली. सकाळी शटर वर गेले पाहिजे आणि कामगारांच्या घरी चूल पेटली पाहिजे, एवढाच त्याच्या धंद्याचा हेतू होता. तो गेल्यावर कारभार माझा पुतण्या दिपेश जानू मढवी याने हाती घेतला. पोरगा हुशार, कामाला वाघ. त्याने कुठलेसे प्रशिक्षण घेतले आणि गाळ्याच्या भिंतीवर 'आमची उद्दिष्टे' असा फलक लावला: नफा, वाढ, वेळेवर माल, ग्राहकाचे समाधान.

रूपेश एकदा डबा द्यायला गेला असता तो फलक वाचून म्हणाला, "दिपेश, यात मानूस कुठं हाय?"

दिपेश म्हणाला, "तुमचं बरं हाय. सरकारी पगार. आमाला माल गेला तर भाकर."

"आमच्याकडं पन उद्दिष्ट हाय ना. आत कोनी राहता कामा नये. बस."

दोघे हसले. चुलत असले तरी एका ताटात जेवून वाढलेले भाऊ होते.

त्या दुपारी मोठ्या ऑर्डरचा माल जायचा होता. जागा पुरेना, म्हणून दिपेशने तयार खोके मागच्या दारापुढे छतापर्यंत रचून ठेवले. विजेच्या तारांनी पेट घेतला. लाकूडच ते. माणसे पुढून बाहेर पळाली, पण आमचा जुना सुतार मानसिंग आतच राहिला. अग्निशमनाची गाडी आली तिच्यावर रूपेश होता. तो आत गेला, मानसिंग त्याला सापडला, पण मागचे दार उघडेना. बाहेरून कुलदीप ते दार फोडत होता, तर आतून खोके आड आलेले. रूपेशने मानसिंगला तसाच पुढच्या दाराशी आणून बाहेर ढकलला आणि छप्पर खाली आले. हे मला कुलदीपने सांगितले. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

बाराव्याच्या दिवशी दिपेश माझ्या पायाशी बसून म्हणाला, "काकी, फक्त एका दिवसासाठी ठेवलं होतं." आजवर त्या विषयावर मी त्याच्याशी बोललेले नाही.

आता ऐकावे. विम्याच्या पैशांतून पुन्हा उभा राहिलेला हा गाळा व धंदा मी दिपेशलाच देत आहे. गोदामवाल्यांना विकला तर कामगारांची घरे उघडी पडतील, आणि धंदा चालवणे त्याच्याइतके कोणाला येत नाही. माझे हे देणे आहे, माफी नाही. त्याने दोन्हींची गल्लत करू नये. माफी माझ्याजवळ असती तर तीही लिहून दिली असती. मी शोधली.

अट एकच. मागच्या दारापुढची जागा कायम मोकळी राहील. तिथे खोका, सायकल, खुर्ची, काहीही ठेवले जाणार नाही. ती जागा तपासण्याचा हक्क मानसिंगला आणि त्याच्यानंतर कामगार निवडतील त्या माणसाला राहील. अट मोडल्याचे दिसल्यास गाळा सर्व कामगारांच्या नावे समान वाट्याने व्हावा.

४. कान्हाचे रंधे, करवती व पटाश्या मानसिंगला. रूपेशच्या बाराव्यापासून तो माझ्यासमोर मान वर करून उभा राहिलेला नाही. बाबा रे, तू वाचलास म्हणून माझ्या मनात कधी किंतु आला नाही. तू वाचावास म्हणूनच तो आत गेला होता. त्याचे काम झाले होते.

५. बँकेतील ठेव उन्नतीच्या शिक्षणासाठी. ती काय शिकेल ते तिचे तिने ठरवावे. माझे दागिने निशिगंधाला.

६. जे माझ्या अंगणातल्या त्या लग्नाला आले नाहीत, त्यांनी मी गेल्यावर भेटायला येण्याचे कष्ट घेऊ नयेत. दिपेश आला होता. कडेकडेने राहून पंगत वाढत होता, हेही इथे नोंदवते.

७. माझ्या देहाला अग्नी देऊ नये. तो वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, तिथली पोरे शिकतील. मुलगा नाही, त्याच्या जागी मी कुलदीपला मानते, तर अग्नी त्यालाच द्यावा लागेल, आणि मला त्याला पुन्हा घरच्या माणसाच्या आगीसमोर उभे करायचे नाही. निशिगंधाला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "मंग आई, आमी रडायला कुठं बसायचं?"

मी सांगितले, "जेवाया बसाल तिथंच."

वरील मजकूर मला मान्य असून त्याखाली मी साक्षीदारांसमोर सही करीत आहे.

ठिकाण: पावणे, नवी मुंबई
दिनांक: १४ जून २०२५

(सही) गोजरा कान्हा मढवी

गोजराबाईंनी आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यादेखत केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. अर्पिता निकेश भगत, पावणे
२. (सही) विमलबाई हिराजी घरत, शेजारी